सभेला जे ऐकू आलं

"डोळे मिटा," देवदत्त म्हणाला. "ज्यांना प्रस्ताव मान्य आहे त्यांनी आता हुंकार भरा. ओठ बंद. शेजाऱ्याकडे बघायचं नाही."

चाळीसेक माणसं डोळे मिटून गुणगुणायला लागली. साताऱ्याबाहेरच्या एका मंगल कार्यालयात आम्ही जमलो होतो. मागच्या भिंतीवर कुठल्याशा लग्नातली थर्माकोलची अर्धी अक्षरं तशीच राहिली होती आणि स्वयंपाकघरातून जिलबीच्या पाकाचा वास येत होता. हुंकार फार मोठा नव्हता. बरणीत अडकलेल्या माशीसारखा, खाली-वर न होता नुसता चालू.

"छान," देवदत्त म्हणाला. "आता ज्यांना मान्य नाही, त्यांनी."

मी हुंकार भरला. माझ्या उजवीकडून आणखी एक-दोन आवाज आले. दबके, वेळ पडलीच तर खोकला म्हणून खपवता येतील असे. भिंतीवरच्या स्पीकरमधून काहीच आलं नाही. म्हणून मी डोळे उघडले.

समोरच्या पडद्यावर सोलापूरची खोली दिसत होती. दोन रांगांत बसलेली माणसं, सगळ्यांचे ओठ मिटलेले. प्रत्येकाचा एक हात स्वतःच्या गळ्यावर आणि दुसरा शेजाऱ्याच्या पाठीवर. मधोमध नसीम. तिच्या मानेची शीर ताणलेली इतक्या लांबूनही दिसत होती. आणि स्पीकर गप्प.

तिथवर आम्ही कसे आलो ते सांगायला हवं.

'कानोसा' हे आमच्या सॉफ्टवेअरचं नाव. साधा मोबाइल आणि साधे इयरफोन यांचं श्रवणयंत्र करणारं. ते ओपन सोर्स होतं, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला. कोणीही वाचावा, सुधारावा, वापरावा. मालक कोणीच नाही. सुरुवात देवदत्त हर्डीकरने केली होती, त्यामुळे सगळे त्याला दादा म्हणत. मी एका महाविद्यालयात ध्वनिशास्त्र शिकवत होते. आम्ही जवळपास एका वयाचे, म्हणून मी त्याला नुसतं देवदत्त म्हणायची. कितीही मोठा आवाज आला तरी कानाला इजा होणार नाही, एवढं बघणारा भाग माझा होता.

नसीम मुजावर सोलापूरच्या एका शाळेत गणित शिकवायची. कॉलेजात असताना एका आजारपणात तिचे कान गेले, पण धड गेलेही नाहीत. आज एक ऐकू यायचं, उद्या दुसरंच. म्हणून तिने 'कानोसा'मध्ये एक भाग लिहिला: रोज सकाळी माणसाने स्वतःच फोनवर काही स्वर ऐकायचे, कुठला ऐकू येतो, कुठला नाही ते सांगायचं, आणि फोनने त्याप्रमाणे आवाज लावून द्यायचा. तज्ज्ञाकडे जायला नको. ती आणि तिच्यासारखी सोलापूरची मंडळी त्या भागावर रोजचं जगत होती.

आता एका श्रवणयंत्राच्या कंपनीने देऊ केलं होतं की 'कानोसा' ती आपल्या केंद्रांतून देशभर नेईल, सर्व्हर चालवील, आमच्यातल्या दोघांना पगार देईल. अट एकच. आवाज लावण्याचं काम फक्त त्यांच्या केंद्रात होईल. नसीमचा भाग काढून टाकायचा.

त्या सकाळी नसीम पडद्यावरून बोलली. इथलं बोलणं सोलापूरच्या पडद्यावर अक्षरांत उमटत होतं आणि तिकडचा आवाज आमच्या स्पीकरमधून येत होता. तोही 'कानोसा'च्या फिल्टरमधूनच गाळून. आपल्या सभेत आपलंच सॉफ्टवेअर, अशी देवदत्तची हौस. ते सांभाळायला पराग लोखंडे लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसला होता.

"माझे कान रोज वेगळे असतात," नसीम म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ येत होता. "काल मला बाहेरच्या चिमण्या ऐकू आल्या. आज पहिल्या बाकावरची मुलगी ऐकू येत नाहीये. केंद्र उघडणार दहाला. माझी शाळा भरते सातला. आठवी ब ला काय सांगू, कान लावून येते, तोवर बेरीज करा?"

सभागृहात हशा झाला. देवदत्तही मनापासून हसला.

"नसीम, तुझ्या तळमळीचा आम्हाला आदर आहे," तो म्हणाला. "पण प्रश्न सुरक्षिततेचा आहे. चुकून जास्त आवाज लावून कोणाचा उरलासुरला कान गेला तर? हा मुद्दा चारुतानेच पूर्वी मांडला होता."

"मांडला होता," मी उठून म्हणाले. "आणि म्हणून वरची मर्यादा घातली. ती आजवर कोणालाही ओलांडता आलेली नाही."

"अगदी. म्हणजे धोका आहे हे तूही मान्य करतेस."

"होता म्हणतेय मी."

"धन्यवाद, चारुता." तो पुढच्या हाताकडे वळलासुद्धा.

नसीमने मग शेवटचं मागितलं. "निर्णय हात वर करून घ्या दादा. आमच्या इथे सगळ्यांना दिसेल."

देवदत्तने मान हलवली. रागाने नाही, लहान मुलाला समजवावं तशी. "हात वर केले की मोजणी आली. मोजणी आली की दोन बाजू पडल्या. मग हरलेले तोंड पाडून घरी जातात. आपल्याला कोणाला हरवायचं नाहीये, आपल्याला एकमत घडवायचंय."

हुंकाराची रीत त्याने बाहेरून आणली होती. परदेशातल्या इंजिनिअरांच्या एका जुन्या मंडळात मतं मोजत नाहीत. बाजूने एकदा आणि विरुद्ध एकदा गुणगुणायला सांगतात, आणि अध्यक्ष कानाने अंदाज घेतो. कोण काय म्हणालं ते कळत नाही, कोणी कोणाला घाबरत नाही. ऐकायला बरं वाटतं. आमच्याकडे दोन वर्षं ती रीत चालली होती आणि देवदत्तला हवं होतं त्याहून वेगळं एकमत तीत कधी झालं नव्हतं.

"बहिऱ्यांना गुणगुणायला सांगणारी तुमची पहिलीच सभा असेल, दादा," नसीम म्हणाली.

"हुंकार ऐकावा लागत नाही, नसीम," देवदत्त म्हणाला. "तो जाणवतो."

यावर टाळ्या पडल्या. मग चहा झाला आणि चहानंतर त्याने डोळे मिटायला सांगितले.

तर मी डोळे उघडले होते आणि पडद्यावर माणसं गळ्यावर हात ठेवून बसली होती. मी हात वर केला. बघणारं कोणीच नव्हतं, म्हणून बोलले.

"देवदत्त, सोलापूरचा हुंकार फिल्टरमध्ये गळतोय. ते भरताहेत, आपल्यापर्यंत येत नाहीये."

"चारुता, डोळे," तो प्रेमाने म्हणाला. कोणीतरी फिसकन हसलं.

"फिल्टर बंद करा आणि पुन्हा घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

"हरकत बोलून घ्यायची नसते, हुंकाराने घ्यायची असते. नाहीतर ज्याला चांगलं बोलता येतं त्याचंच चालतं. हा नियम आपण सगळ्यांनी केला ना?" त्याने स्वतःचे डोळे उघडले आणि हसून सगळ्यांकडे पाहिलं. "मला हरकतीचा हुंकार फार क्षीण वाटला. सभेचं एकमत झालं आहे असं मी जाहीर करतो."

टाळ्या वाजल्या. ते वाक्य सोलापूरच्या पडद्यावर पोचायला थोडा वेळ लागला. मी नसीमला ते वाचताना पाहिलं. तिचा हात अजून गळ्यावर होता. वाचून झाल्यावर तो हळूहळू खाली आला. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला खुणेने काहीतरी विचारलं, बहुतेक काय ठरलं म्हणून. ती त्यांच्याकडे वळली आणि तेवढ्यात परागने जेवणाच्या सुट्टीसाठी पडदा बंद केला.

मी थेट त्याच्याकडे गेले.

"फिल्टर किती लावलास?"

"पूर्ण." तो तारा गुंडाळत होता. "सकाळी अर्धाच होता, ताई. चहाच्या वेळी दादा येऊन म्हणाले, पूर्ण लाव, सोलापूरच्या पंख्याचा आवाज येतोय."

"डिसेंबरात?"

त्याने तारा गुंडाळणं थांबवलं. मग पुन्हा सुरू केलं. "आता ते मी कसं सांगू?"

"तुला ऐकू येत होता पंखा?"

"नाही."

"मग विचारलं नाहीस?"

"दादांना?" तो म्हणाला. त्याला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

"न गाळलेला आवाज आहे?"

"आहे ना. तो आधी साठवून मगच गाळतो."

मी त्याला तो मोठ्या स्पीकरवर लावायला सांगितलं. त्याने दारातून जेवणाच्या पंगतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खांदे उडवून लावला.

सुरुवातीला कोणाच्या लक्षात आलं नाही. मग तो आवाज वाढत गेला. बायकांचा, पुरुषांचा, जाड, पातळ, पण सगळा एका सुरावर, हलत नव्हता. आमच्या सभेच्या सगळ्या हुंकारांना पोटात घेईल एवढा तो होता. पंगतीतली बोलणी थांबली. जिलबीचं ताट घेतलेला वाढपी जागीच उभा राहिला.

"कुठल्या देवळातलं आहे हो?" त्याने विचारलं.

मी देवदत्तपाशी गेले. तो पानावर बसला होता, डोळे मिटून. आवाज संपेपर्यंत त्याने ते उघडले नाहीत.

"वा," तो म्हणाला. "किती सुंदर. पराग, हे जपून ठेव रे. आपल्या वेबसाइटवर लावू."

"हा हरकतीचा हुंकार आहे, देवदत्त."

"हो. आणि सुंदर आहे."

"निर्णय पुन्हा घे."

"चारुता, बस आधी. जिलबी गरम आहे." त्याने मला बसायला जागा केली. मी उभीच राहिले. "हे बघ, निर्णय सभेला जे ऐकू आलं त्यावर होतो. सभेला हे ऐकू आलं नव्हतं. आता आलं, पण आता सभा कुठे आहे? असं प्रत्येक निर्णयानंतर कोणी काहीतरी घेऊन आलं तर आपण पुढे कसं जायचं?"

"ऐकू आलं नाही म्हणून मोजलं नाही. हे तू त्या माणसांना सांगणार?"

"मी नाही. प्रक्रिया सांगते."

मी पंगतीकडे वळले. "कोणीतरी बोला."

"चुका होतात हो ताई. तांत्रिक बाब आहे," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "पुढच्या वेळी हात वर करू ना." तिसऱ्याने मठ्ठा मागितला. मागच्या रांगेतून आणखी कोणीतरी हळूच म्हणालं की संध्याकाळी कंपनीची माणसं येणार आहेत, आता नको. मग ताटांचे आवाज सुरू झाले आणि वाढपी पुढे सरकला.

देवदत्त उठला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून हा समाज जिवंत आहे," तो म्हणाला. त्याने हात उचलला तेव्हा माझ्या पांढऱ्या कुडत्यावर पाकाची तीन बोटं उठली होती.

मी हात धुतले, खांदा चोळला. पाक निघतो, पण चिकटपणा राहतो. पानावर न बसताच मी मंगल कार्यालयाच्या फाटकाबाहेर पडले.

साताऱ्याच्या बसस्थानकावर बसून मी फोन उघडला. नसीमचा संदेश आलेला होता.

"ऐकू आलं का आमचं?"

मी काय लिहावं याचा विचार करत होते, तोवर तिचे आणखी संदेश येत गेले. आम्ही महिनाभर सराव केला. माझ्या शेजारी बसले होते ना, त्या दीक्षितकाकांनी घरची पेटी आणली होती. पेटीच्या लाकडावर हात ठेवायचा, सूर हाताला लागला की गळ्यावर हात ठेवायचा, तसंच लागेपर्यंत. शेजारी चुकला तर पाठीवरून कळतं. जमत होतं ताई, खरंच जमत होतं. कमी पडलो का?

"कमी पडला नाहीत," मी लिहिलं. "फिल्टर पूर्ण होता. तुमचा हुंकार इथे पोचलाच नाही. मी नंतर मूळ आवाज ऐकला. आमच्यापेक्षा मोठा होता."

समोर कराडची बस लागली, भरली, गेली.

"पूर्ण?" तिने विचारलं.

"हो."

"मला पहिल्यांदा भेटले ना दादा, तेव्हा त्यांनी मला तो खेळ दाखवला होता. माइकजवळ गुणगुणले. मला स्पीकरवर हात ठेवायला सांगितला. थरथरत होता. मग फिल्टर लावला. त्यांचा गळा हलत होता आणि स्पीकर मेल्यासारखा. मग म्हणाले, नमस्कार नसीम, आणि तेवढंच हाताला लागलं. मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या होत्या."

तो खेळ मला माहीत होता. आमच्या फिल्टरचं तत्त्वच ते होतं: माणसाचं बोलणं सारखं बदलत असतं, जो आवाज बदलत नाही तो पंख्याचा, मोटारीचा, म्हणजे नको असलेला, तो काढून टाकायचा. देवदत्त प्रत्येक कार्यशाळेची सुरुवात त्यानेच करायचा. आधी गुणगुणायचा, मग बटण दाबायचा, मग शांतता, मग 'नमस्कार' आणि टाळ्या. मुंबईत केला, नागपुरात केला, आदल्याच वर्षी आमच्या वार्षिक सभेत केला.

आदल्याच वर्षी. तीच माणसं होती.

दुपारपासून मला एका माणसाची किळस येत होती. एक माणूस म्हटलं की ती आवरता येते. त्याच्यापासून उठून जाता येतं. पण त्या सभागृहात तो खेळ न पाहिलेला कोणीच नव्हता. मठ्ठा मागणाऱ्याने पाहिला होता, तांत्रिक बाब म्हणणाऱ्याने पाहिला होता, परागने तर प्रत्येक वेळी बटण दाबलं होतं. स्पीकर गप्प राहिला तेव्हा चाळीस माणसांना तो का गप्प आहे हे ठाऊक होतं, आणि ती डोळे मिटून बसली होती, कारण डोळे मिटायला सांगितलं होतं.

"तुला फिल्टरचं माहीत होतं, मग आधी का नाही बोललीस?" मी लिहिलं आणि लगेच ते लिहिल्याचं वाईट वाटलं.

"आम्ही येणार म्हटल्यावर तेवढं बंद करतील असं धरून चालले," तिने लिहिलं. "ती काय सांगायची गोष्ट आहे?"

मग, थोड्या वेळाने: "दीक्षितकाकांना काय सांगू? ते विचारताहेत, आपला सूर लागला होता ना."

"लागला होता म्हणून सांग."

दोन महिन्यांनी 'कानोसा' उघडलं की आधी केंद्राचा क्रमांक मागायला लागलं. नसीमने आणि मी जुना कोड उचलला, त्याला दुसरं नाव दिलं आणि वेगळा चालवायला घेतला. ओपन सोर्समध्ये हे करता येतं. देवदत्त भाषणांत याला स्वातंत्र्य म्हणतो. या स्वातंत्र्यात नाव, सर्व्हर, दुरुस्ती करणारी माणसं आणि लोकांचा विश्वास तिकडे राहिला, आणि कोड इकडे आला. फोन बदलले की आमचं काहीतरी मोडतं आणि सुट्टीचा दिवस त्यात जातो. नसीम सकाळी कान लावते आणि सातला आठवी ब च्या वर्गावर उभी राहते. ज्या दिवशी आमचं काही मोडलेलं असतं त्या दिवशी ती फळ्यावर उदाहरणं लिहून देते आणि कोणाला काही विचारत नाही.

आमच्या बैठका सोलापुरात होतात. डोळे उघडे ठेवून, हात वर करून, मोजून. भांडणंही होतात. एकदा नसीमची सूचना माझ्या बाजूच्या हातांमुळे पडली तेव्हा ती आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. आठवड्यानंतर म्हणाली, "हरले ते हरले, पण मला दिसलं तरी कोणी हरवलं ते."

'कानोसा'च्या वेबसाइटवर त्या दिवसाचं एक छायाचित्र आहे. मला ते गेल्या वर्षी दिसलं. परागने मागून काढलेलं असणार. तोही डोळे मिटून बसला नव्हता म्हणायचा. खाली लिहिलंय, 'सर्वसंमतीचा क्षण'. सभागृहातल्या सगळ्या माना खाली आहेत. एकच वर आहे, ती माझी. आणि माझ्यासमोर, अख्खी भिंत व्यापून, गळ्यावर हात ठेवलेली माणसं.

ते पाहून तोच पाकाचा वास नाकात आला. मी नसीमला छायाचित्र पाठवलं आणि विचारलं, काढून टाका म्हणून त्यांना लिहू का? आपल्या सगळ्यांच्या तोंडावर त्यांनी स्वतःचं लेबल चिकटवलंय.

तिने ते मोठं करून पाहिलं असावं, कारण उत्तर उशिरा आलं.

"नको. राहू दे तिथेच," तिने लिहिलं. "दीक्षितकाका गेले गेल्या महिन्यात. त्यांचा तेवढाच फोटो आहे, सूर लागलेला."